मॉडेलरमधला स्पीकर, सॅग आणि डायनॅमिक्स : हेडफोनवर जिवंत, हॉलमध्ये सपाट. का?

तारसप्तक
नमस्कार मंडळी. धागा गिटारवाल्यांसाठी आहे, बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचायला हरकत नाही.

मुलुंडला राहतो. घरात ॲम्प वाजवायची सोय नाही, म्हणून पायाखालचा मॉडेलर घेतला, म्हणजे ॲम्प आणि स्पीकरची डिजिटल नक्कल करणारं यंत्र. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच पंथयुद्ध नको. हेडफोनवर आवाज झकास येतो. हलक्या हाताने वाजवलं की स्वच्छ, जोर दिला की किंचित फाटतो, गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की पुन्हा स्वच्छ.

हाच प्रीसेट (नॉबांची साठवलेली मांडणी) अंधेरीच्या जॅमपॅडवर (सरावाच्या खोलीत) तिथल्या कॉम्बोच्या (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) पुढच्या इनपुटला लावला तर आवाज एकदम कोंदलेला. आणि परवा दादरला मराठी गाण्यांच्या कार्यक्रमात थेट मिक्सरला दिला तेव्हा कोंदलेला नव्हता, पण सपाट होता. हळू वाजवा, जोरात वाजवा, बाहेर एकच पातळी.

मॉडेलरच्या आत शिरलं तर सॅग, बायस, रिपल, स्पीकर कॉम्प्रेशन, इम्पीडन्स कर्व्ह अशी नॉबांची रांगच आहे. हातातला चढउतार ऐकू यायला यातलं काय फिरवायचं? मॅन्युअल वाचलंय. 'आवडेल तसं ठेवा' एवढंच कळलं.

पाचवा_फ्रेट
विकून टाक. ट्यूब ॲम्प घे. धागा संपला.

कांदेपोहे_अनप्लग्ड
पाचवा_फ्रेट, ट्यूब ॲम्पबरोबर मुलुंडमध्ये स्वतंत्र बंगला पण घेऊन द्या त्याला.

मीनल_चारतारा
मी बेसवाली, तरी बोलते. तारसप्तक, आधी गेन किती ठेवलाय ते सांग. घरी एकट्याने वाजवताना सगळेच गेन जास्त ठेवतात, कारण जास्त गेनमध्ये हात सोपा वाटतो, नोट लांबते. गेन म्हणजेच कॉम्प्रेशन. प्रीॲम्पमध्ये, म्हणजे ॲम्पच्या पहिल्या टप्प्यात, सिग्नल वरून कापला गेला की हळू आणि जोरात यातलं अंतर तिथेच गेलं. पुढे कोणताही नॉब ते परत आणत नाही. बँडबरोबर वाजवताना घरच्यापेक्षा बराच कमी गेन लागतो.

ओहमकर
मीनलताईंशी सहमत. पण प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट 'स्पीकर' आहे, आणि तिथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गिटारचा स्पीकर दोन कामं करतो. पहिलं काम गाळणीचं. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वर झपाट्याने उतरतो. म्हणून ॲम्पमधली खरखर कानाला गोड लागते. मॉडेलरमधला कॅब (स्पीकरच्या खोक्याची नक्कल) किंवा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, खऱ्या स्पीकरच्या आवाजाचा नोंदवलेला ठसा) हेच काम करतो, आणि त्यात माइक, माइकची जागा, थोडी खोलीसुद्धा येते. ४८ किलोहर्ट्‌झला १०२४ नमुन्यांचा आयआर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, २०४८ चा सुमारे ४३. पण आयआर कितीही लांब असला तरी त्याचं वागणं पातळीनुसार बदलत नाही. हळू वाजवा, जोरात वाजवा, गाळणी तीच. त्यामुळे आयआर बदलून डायनॅमिक्स वाढेल ही आशा सोडा. आवाजाचा रंग बदलेल, एवढंच.

दुसरं काम ओझ्याचं. स्पीकरवर ८ ओहम इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) लिहिलेलं असतं, ते नावापुरतं. व्हिंटेज ३० किंवा ग्रीनबॅकसारख्या स्पीकरचा नुसता अनुनाद ७५ हर्ट्‌झच्या आसपास असतो. बंद खोक्यात बसवला की तो १०० च्या वर सरकतो, आणि तिथे इम्पीडन्स ८ च्या कितीतरी पट होतो. मग मधल्या पट्ट्यात खाली येतो, आणि वरच्या टोकाला कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढत जातो. ट्यूब पॉवर ॲम्पचा, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या टप्प्याचा, स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असल्याने तो या चढउतारामागे जातो. बेस फुगतो, ट्रेबल वर येतो, आणि पॉवर ट्यूब कुठे आधी थकणार तेही यावरच ठरतं. मॉडेलरमधला 'इम्पीडन्स कर्व्ह' म्हणजे हे दुसरं काम. तो कॅबच्या पानावर नाही, ॲम्पच्या पानावर असतो. फ्रॅक्टल कंपनीच्या मॉडेलरमध्ये तर ॲम्प ब्लॉकच्या आतच स्पीकरचं वेगळं पान आहे.

आयआर बदलला की कर्व्ह आपोआप बदलेलच असं नाही. ४x१२ चा (बारा इंची चार स्पीकरच्या खोक्याचा) आयआर आणि छोट्या उघड्या कॉम्बोचा कर्व्ह अशी जोडी सर्रास वाजत असते. ती वाईट असते असं नाही. फक्त 'बेस ढिला का वाटतोय' याचं उत्तर कधीकधी तिथे सापडतं. अशा वेळी इक्यूने बेस कापत बसण्यापेक्षा लो रेझोनन्सची फ्रीक्वेन्सी थोडी सरकवून पाहा. बोटांखाली लगेच कळतं.

गिरगावचा_बाजा
ओहमकर, दंडवत. आयडी आज सार्थकी लागला.

आम्ही ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा प्रत्येक हॉलला वेगळा ॲम्प मिळायचा आणि तासाभरात त्याच्याशी जुळवून घ्यावं लागायचं. रंगभवनला आय-रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव बघायला जायचो, तिथे स्टेजवर उंच कॅबिनेटांची भिंत पाहिली की वाटायचं, आपल्याला असलं काही कधी मिळणार. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनच गप्प झालं. आज माझ्या पाठपिशवीत ती भिंत मावते, पण गुडघे कुरकुरतात. असो. सॅग म्हणजे नक्की काय, हे आमच्यासारख्याला समजेल असं सांगा.

ओहमकर
बाजा काका, जुन्या इमारतीत लिफ्ट सुरू झाली की जिन्यातला दिवा क्षणभर मंद होतो ना, तेच. जोरात कॉर्ड मारली की पॉवर ट्यूब एकदम जास्त करंट ओढतात, पुरवठ्याचा व्होल्टेज खाली बसतो, आणि मग सावकाश वर येतो. त्यामुळे सुरुवातीचा ठोका थोडा दबतो आणि नोट मागून फुलते. जीझेड३४ किंवा ५वाय३ सारखा ट्यूब रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) असला की हे जास्त होतं, सिलिकॉन डायोडला कमी. मेसाच्या ड्युअल रेक्टिफायरमध्ये तर दोन्हींत निवड करायची सोयच दिलेली आहे.

आता तारसप्तकसाठी कळीचा मुद्दा. सॅग हा पॉवर ॲम्पचा गुण आहे. पॉवर ॲम्पवर ताण नसेल तर सॅगचा नॉब शून्यावर ठेवा नाहीतर दहावर, फारसा फरक कळणार नाही. आधुनिक हाय-गेन ॲम्पचं मॉडेल घेऊन मास्टर (पॉवर ॲम्पला किती सिग्नल द्यायचा तो नॉब) दोनवर ठेवला असेल तर सगळं दाबणं-कापणं प्रीॲम्पमध्येच चाललंय. सॅगशी खेळायचं तर प्रीॲम्पचा गेन उतरवा आणि मास्टर चढवा. किंवा मुळात मास्टर नसलेला ॲम्प निवडा. व्हॉक्सचा एसी३० घ्या. त्यात ईएल८४ च्या चार ट्यूब, जीझेड३४, आणि निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत देऊन ॲम्पला आवर घालणं) नाही. फीडबॅक नसल्यामुळे स्पीकरच्या ओझ्याचा परिणामही त्यात जास्त जाणवतो. फेंडर-मार्शलच्या बऱ्याच ॲम्पमध्ये फीडबॅकमुळे तो काहीसा आवरला जातो.

अवग्रह
एक शंका. सॅग वाढवला की डायनॅमिक्स वाढतात की कमी होतात? हेलिक्स मॉडेलरचं मॅन्युअल म्हणतं सॅग जास्त तर हाताला प्रतिसाद जास्त. पण व्होल्टेज बसला म्हणजे आवाज दाबलाच गेला की. मग वाढलं काय?

मीनल_चारतारा
अवग्रह, चांगला प्रश्न. मीटरवर बघशील तर कमी होतात. हाताला वाटतात जास्त. कारण दाबणं तत्काळ नसतं, त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ तू किती जोरात मारलंस त्यावर बदलतो. म्हणून वाद्य 'बोलल्यासारखं' वाटतं. श्रोत्याला मात्र त्यातलं निम्मंही पोचत नाही.

पाचवा_फ्रेट
म्हणूनच म्हणतो, खऱ्या ॲम्पसमोर उभं राहा. पँटला वारा लागला पाहिजे. तुमचे सगळे नॉब त्या वाऱ्याची नक्कल करतायत.

कांदेपोहे_अनप्लग्ड
पँटला वारा हवा असेल तर सकाळी ८:१३ च्या फास्ट लोकलच्या दारात उभे राहा. आणि मार्शलचं ४x१२, म्हणजे पस्तीस किलोंच्या वरचं खोकं, त्याच गाडीत चढवून दाखवा. दुसऱ्या दिवसापासून तुम्हीही मॉडेलरवाले.

मिक्सरमागचा_नाना
मी लाइव्ह साउंड करतो. इतकी चर्चा झाली पण कुणी मूळ तक्रारीकडे बघितलंच नाही. तारसप्तक दोन वेगळ्या जागा सांगतोय, दोन वेगळे रोग आहेत.

पॅडवरचा कोंदलेपणा : कॅब चालू ठेवून गिटार ॲम्पच्या पुढच्या इनपुटला लावलं. म्हणजे आधी मॉडेलरचा प्रीॲम्प, पॉवर ॲम्प, स्पीकर, माइक, मग त्या कॉम्बोचा प्रीॲम्प आणि परत खरा स्पीकर. गाळणीतून गाळलेलं पुन्हा गाळलं. इलाज सोपा आहे. मॉडेलरमधला कॅब बंद कर आणि वायर मागच्या एफएक्स रिटर्नला लाव, म्हणजे थेट पॉवर ॲम्पला. केम्पर मॉडेलरमध्ये याच कामासाठी मॉनिटर कॅब ऑफ आहे. उलट कॅब बंद ठेवून मिक्सरला आलास तर मधमाश्यांचं पोळं उठेल आणि मी तुला फेडर बंद करून भेटेन.

हॉलमधला सपाटपणा : कारणं बरीच असू शकतात. तुझा एक्सएलआर आउटपुट लाइन लेव्हलला (माइकपेक्षा बराच जोरदार) होता का, आणि समोर माइकचं इनपुट होतं का? तसं असेल तर मिक्सरचा प्रीॲम्पच कापत बसतो. दुसरं, स्टिरिओ प्रीसेट मोनोत आणला का? डावी-उजवीकडे दोन वेगळे आयआर असले की मोनोत काही फ्रीक्वेन्सी एकमेकींना खातात. तिसरं, कॉम्प्रेसर. आमच्यातले काही जण प्रत्येक चॅनलवर सवयीने लावतात. विचारून घे, लाजू नकोस. आणि हे सगळं मॉनिटरमध्ये कसं येतंय तेही बघ, कारण तू मॉनिटर ऐकतोस आणि तक्रार हॉलची करतोस.

चौथं सगळ्यात मोठं. तू प्रीसेट कुठे बनवलास? हेडफोनवर, रात्री, हळू आवाजात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून तू बेस आणि ट्रेबल चढवलास. हॉलमध्ये आवाज मोठा झाला, ते दोन्ही उसळले. मग मी, म्हणजे माझ्यासारखा कुणीतरी, बेस कापतो, फेडर खाली घेतो, आणि तू म्हणतोस आवाजाचा जीव गेला.

तारसप्तक
नाना, हे डोक्यात आलंच नव्हतं. लाइन की माइक ते बघतो. प्रीसेट स्टिरिओ आहे, दोन आयआर आहेत. गेन सहा-साडेसहा असतो, मीनलताई. मास्टर तीनवर.

मग प्रीसेट मोठ्या आवाजात बनवायचा कुठे? इथे दहानंतर वरच्या मजल्यावरून काठी ठोकतात.

कांदेपोहे_अनप्लग्ड
काठीचा टेम्पो पकडून वाजवायचं. मेट्रोनोमचे पैसे वाचतात.

मिक्सरमागचा_नाना
नियमाने निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ४५ डेसिबलला कुणाचाही प्रीसेट नीट बनत नाही. तासभर पॅड बुक कर आणि त्या तासात गाणी वाजवू नकोस, फक्त प्रीसेट जुळव. ड्रमरला सोबत ने. त्याने झांजा वाजवल्यावर तुझी गिटार ऐकू येते का तेवढं बघ.

आणि लो कट (खालचे सूर कापणारा) ८० ते १०० हर्ट्‌झ, हाय कट (वरचे कापणारा) ६ किलोहर्ट्‌झ. प्रत्येक प्रीसेटला. वाद नाही.

अवग्रह
नाना, हाय कटबद्दल वाद आहे. ६ वर खडा उतार लावला की पिकचा पहिला स्पर्श जातो. तोच तर जोरात आणि हळूतला फरक सांगतो. माझ्या मते निम्मे लोक आधी हाय कट लावून आवाज मऊ करतात आणि मग डायनॅमिक्स शोधत फिरतात.

ओहमकर
दोघांचंही बरोबर आहे, म्हणून वाद मिटणार नाही. माझा तोडगा असा. कट लावण्याआधी माइक बदला. कॅबच्या पानावर एसएम५७ माइक कोनच्या बरोबर मध्यावर असेल तर तो चिरका असणारच. कडेकडे सरकवा, किंवा रिबन माइक घ्या, किंवा दोन्हींचं मिश्रण. त्यानंतर कट लागला तर हलक्या उताराचा, ७-८ च्या आसपास. पाचवा_फ्रेट ज्या वाऱ्याबद्दल बोलतात त्यातला एक भाग हाच आहे. खोलीत उभं राहून आपण ॲम्प ऐकतो तो कोनाच्या अक्षाबाहेर, दूरवरून. वरच्या फ्रीक्वेन्सी सरळ रेषेत पुढे जातात, त्या आपल्या कानाला लागतच नाहीत. मॉडेलर मात्र इंचभरावर लावलेल्या माइकचा आवाज देतो. खऱ्या ॲम्पचा कंट्रोल रूममध्ये येणारा आवाजही असाच असतो. तुलनाच चुकीच्या गोष्टींची होते.

गिरगावचा_बाजा
पण ओहमकर, खरा स्पीकर जोरात वाजला की स्वतःही थोडा दबतो, फाटतो. ते आयआरमध्ये येत नाही म्हणालात.

ओहमकर
नाही येत. त्यासाठीच स्पीकर ड्राइव्ह आणि स्पीकर कॉम्प्रेशन हे वेगळे नॉब दिलेत. कागदी कोन ताणला जातो, कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, ठोके थोडे गोल होतात. २५ वॅटचा ग्रीनबॅक हे लवकर करतो, जास्त वॅटचा स्पीकर उशिरा. पण हे मसाल्याइतकंच. क्लीन प्रीसेटवर थोडं वाढवून बघा, हाय-गेनवर विसरून जा.

एक गोष्ट राहिली. कॅप्चर किंवा प्रोफाइल (खऱ्या ॲम्पच्या आवाजाची मॉडेलरने घेतलेली नोंद) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा की खऱ्या ॲम्पला लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी लावायचं ओझं) लावून कॅप्चर घेतलं असेल तर त्या लोडचा कर्व्ह आवाजात कायमचा बसलेला असतो. आयआर हवा तो लावा, ओझ्याचा परिणाम तोच राहणार. शिवाय एखादं कॅप्चर म्हणजे नॉबांच्या एका जागेची नोंद. गेन वाढवून पुढे ढकललं तरी मूळ ॲम्प त्या गेनला जसा वागला असता तसं ते वागेलच असं नाही. ज्यांना हातानेच स्वच्छ-फाटका खेळायचंय त्यांनी फाटायला लागण्याच्या काठावर घेतलेलं कॅप्चर निवडावं, इनपुटची पातळी नीट जुळवावी, आणि बाकी गिटारच्या व्हॉल्यूमवर सोडावं.

मीनल_चारतारा
गिटारच्या व्हॉल्यूमवरून आठवलं, पिकअपची उंची कुणी बघितली का? तारेच्या फार जवळ असेल तर हळू वाजवलेलंही जोरातच जातं. स्क्रू ड्रायव्हर फुकट आहे. आणि वायरलेस लावला असेल तर त्याचीही पातळी तपास.

बेंजोपार्टी_परळ
वाचनमात्र होतो, राहवलं नाही. आम्ही गणपतीत बेंजो वाजवतो. बुलबुलतरंगाला पिकअप, तिथून मिक्सर, तिथून गाडीवरचे भोंगे. समोर कच्छी ढोल. डायनॅमिक्स म्हणाल तर दोनच : चालू आणि बंद. पण खरं सांगतो, हात हलका पडला की लोकांच्या पायात लगेच कळतं. नॉब कुठला फिरवता हो?

पाचवा_फ्रेट
बेंजोपार्टी, धाग्यातला सगळ्यात शहाणा प्रतिसाद. विसर्जनाला भेटू.

आणि ट्यूबवर हसणाऱ्यांना सांगतो, माझा अमेरिकन कॉम्बो १२० व्होल्टचा, लॅमिंग्टन रोडवरून भलाथोरला ट्रान्सफॉर्मर आणून चालवतोय. मे महिन्यात खोलीत बसवत नाही, पावसाळ्यात खरखरतो. तरीही तोच. हे समर्थन नाही, व्यसन आहे.

तारसप्तक
उशिरा लिहितोय, पण वाचणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून.

पॅडवर कॅब बंद करून एफएक्स रिटर्नला लावलं. कोंदलेपणा तिथल्या तिथे गेला. ड्रमरला घेऊन प्रीसेट नव्याने बांधला : गेन चारच्या खाली, मास्टर सातपर्यंत, मोनो, एकच आयआर, माइक कडेला. बेस घरच्या आवडीपेक्षा बराच खाली आला, मिड वर गेला. एकट्याने ऐकलं तर आवाज कुरूप आहे. बँडमध्ये बसतो.

पुढच्या कार्यक्रमाला साउंडचेकच्या वेळी विचारलं. माझ्या चॅनलवर आधीच्या कार्यक्रमातल्या गायकाचा कॉम्प्रेसर तसाच होता, चांगला खोल लावलेला. काढून घेतला. हॉलचं नाव विचारू नका. आउटपुट माइक लेव्हललाच होता, तो मुद्दा निकालात.

सॅगचा फरक आता कळतो, मास्टर वर असताना. आठवर ठेवलाय. स्पीकर कॉम्प्रेशन मला अजून ऐकू येत नाही. हाय कटवर नाना आणि अवग्रह यांच्या मधोमध राहिलोय, ७.५.

मिक्सरमागचा_नाना
७.५ चालवून घेतो. ६ असता तर चहा पाजला असता.

अवग्रह
शेवटचा प्रश्न ओहमकरांना. पॅडवर कॅब बंद करून खऱ्या स्पीकरला लावलं, तेव्हा तो इम्पीडन्स कर्व्ह चालू ठेवायचा की बंद? खरा स्पीकर आहेच ना समोर.

ओहमकर
मधला पॉवर ॲम्प कोणता ते बघा. पॅडवरचा कॉम्बो सॉलिड-स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरचा) असेल, तर त्यातल्या बऱ्याच जणांचा आउटपुट इम्पीडन्स इतका कमी असतो की स्पीकरचा चढउतार त्यांना जाणवतच नाही. तिथे मॉडेलरचा कर्व्ह चालू ठेवा, आणि शक्यतो समोरच्या खोक्याशी जुळणारा निवडा. कॉम्बो ट्यूबचा असेल तर तेच काम तो स्वतः करतोय. मग मॉडेलरमधला कर्व्ह सपाट करा, पॉवर ॲम्पचं मॉडेलिंगही बंद करता आलं तर करा. नाहीतर बेस दोनदा फुगेल आणि सॅगही दोनदा बसेल.